चिमाजींच्या गाडीतला बिघाड

गतिरोधक आला की चिमाजींची गाडी बंद पडायची. गाडी जुनी, पण उंच आणि दणकट, समोर डोंगर आला तरी मागे हटणार नाही अशी. मात्र चाक आदळलं की किल्ली आपोआप फिरायची आणि इंजिन गप्प. मनमाडला रेल्वेत नोकरी करून निवृत्तीनंतर पंचवटीत राहायला आलेले चिमाजी ही गाडी रोज सकाळी स्वतःच्या हातानं पुसत. तिच्या या खोडीवर तर त्यांचा विशेष जीव होता. त्याला कारण त्यांचा मेहुणा, बारकू.

दुसऱ्याची वस्तू मागणं बारकूला कधी जड गेलं नाही. त्यानं नेलेली शिडी एक पायरी गमावून आली. पाण्याची मोटर नेली, ती आलीच नाही. गाडी एकदाच नेली आणि तिच्यातून निफाडचे कांदे वाहिले. परत आणताना पंचवटीच्या भाजीबाजारात ती अशी बंद पडली, की मागच्या रिक्षावाल्यांनी बारकूच्या सात पिढ्या उद्धरल्या. "दाजी, ही गाडी तुमालाच लखलाभ," म्हणत त्यानं किल्ली परत दिली. बायकोच्या भावाला नाही म्हणायची सोय कुठल्याच घरात नसते. चिमाजींना ती या बिघाडानं करून दिली होती.

आणि नेमका हाच बिघाड कंपनीला सापडला. त्या सालच्या सगळ्या गाड्या आणा, फुकट दुरुस्त करून देतो, असे फोन येऊ लागले. चिमाजी ते उचलायचेच नाहीत. शेवटी एक फोन त्यांच्या बायकोनं, मंगलाबाईंनी उचलला आणि हे किती जिवावरचं आहे ते त्यांना कळलं.

"हर्षालीला घेऊन त्र्यंबकला जातो आपण यातून," नातीच्या काळजीनं त्यांचा आवाज चढला होता. "नीट करून आणा, नाहीतर ही गाडी मला दारात नको."

चिमाजी गाडी दुरुस्त करून घ्यायला गेले. येताना गाडी सगळ्या गतिरोधकांवरून गुरगुरत निघून आली. शेवटच्यावरून त्यांनी ती मुद्दाम परत एकदा नेली, तरी बंद पडली नाही. मंगलाबाईंनी ही आनंदाची बातमी लगोलग माहेरी कळवली. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला बारकू दारात हजर.

"पुतण्याचं लगीन हाय, दाजी. दोन दिवस गाडी लागंल."

गाडी अजून बंद पडते, कंपनीवाले नुसती धुऊन देतात, असं चिमाजींनी ठोकून दिलं. एक चक्कर मारून बघू, असं बारकू म्हणाला. भाजी आणायची म्हणून मंगलाबाईही पिशवी घेऊन मागे बसल्या.

चालवायला चिमाजी स्वतःच बसले. पहिल्या गतिरोधकावर त्यांनी हळूच किल्ली फिरवली. इंजिन बंद. दुसऱ्यावरही तेच. भाजीबाजाराच्या तोंडाशी तर त्यांनी अशी जागा साधली, की मागे रिक्षांची रांग लागली. चिमाजींनी गाडी पुसायच्या फडक्यानं कपाळाचा घाम पुसला. बारकूचा चेहरा पडलेला पाहून त्यांना मनातून उकळ्या फुटत होत्या.

"बास झालं," मागून मंगलाबाई म्हणाल्या. "दुरुस्त करूनही हीच गत असेल तर माझी नात यात बसणार नाही. बारकू, तूच घेऊन जा ही. लग्न उरक आणि मग शेतावर खत वाहायला ठेव. परत आणू नकोस."

बारकूची कळी खुलली. "चालंल ताई. आपल्या शेतात कुठं गतिरोधक हायेत?"

चिमाजींनी तोंड उघडलं. खरं सांगायचं झालं, तर बायकोच्या भावाला टाळण्यासाठी सोंग केलं, हे त्या दोघांच्या देखत कबूल करावं लागणार होतं. त्यांनी तोंड मिटलं.

दोघांना घरी सोडून बारकू निघाला. चिमाजी फाटकाशी उभे राहिले. हातात गाडी पुसायचं फडकं तसंच होतं. गल्लीत अजून दोन गतिरोधक होते आणि जन्मात पहिल्यांदाच गाडी खरोखर बंद पडावी म्हणून त्यांनी देवाचा धावा केला. गाडीनं पहिला ओलांडला. दुसरा ओलांडला. मग ती वळणावर दिसेनाशी झाली.

मंगलाबाई कौतुकानं बघत होत्या.

"बघितलंत? एकदाही बंद पडली नाही. माझ्या भावाच्या हातालाच गुण आहे."