कुलूप क्रमांक एक आणि बाबांचा आवाज

कुलूप क्रमांक एकच्या चित्रावर बाळ्याने सातव्यांदा बोट टेकवलं आणि सातव्यांदा फोनने लाल अक्षरांत कळवलं, की फाईल सापडली नाही. लॅपटॉपच्या पडद्यावर एक खोटा फोन असतो, बाळ्याच्या धंद्यातली माणसं त्यावर आपलं ॲप तपासतात. त्या खोट्या फोनवर मात्र बाबांचा आवाज बाळ्याच्या हेडफोनमध्ये खणखणीत वाजत होता. खोटा बोलका आणि खरा मुका, हा काय प्रकार आहे ते बाळ्याला उमगेना.

वय बत्तीस असलं तरी घरात तो बाळ्याच. हे ॲप कुलपांच्या संग्रहालयासाठी होतं. प्रेक्षकाने काचेपुढे उभं राहून आपल्या फोनवरचं चित्र दाबायचं, की त्या कुलपाची माहिती ऐकू येणार. तिथल्या भिंती इतक्या जाड, की आत इंटरनेट पोचत नसे. म्हणून बेचाळीस कुलपांची बेचाळीस ध्वनिमुद्रणं ॲपच्या पोटातच भरून द्यायची होती. आवाज बाबांचा. बाबांनी बसस्थानकावर तीस वर्षं गाड्यांच्या घोषणा केल्या होत्या, आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्याकडे आवाज मागितला होता. त्याच संध्याकाळी पाचला उद्घाटन होतं. तोवर आवाज लागला नाही तर यंत्राचा तयार आवाज लावू, असं संग्रहालयाच्या बाईंनी बजावलं होतं. इकडे बाबांनी स्थानकावरच्या आठ जुन्या सहकाऱ्यांना आमंत्रण देऊन टाकलं होतं.

"सापडत नाही म्हणजे?" बाबांनी विचारलं.

"आत आहे, पण सापडत नाही."

"आत म्हणजे नेमकी कुठे?"

नेमकी कुठे, हे बाळ्यालाही ठाऊक नव्हतं.

मग जे सुरू झालं त्याला शोध म्हणायचं ते केवळ सभ्यपणा म्हणून. बाळ्याने आधी फोनला दोष दिला आणि आईचा फोन घेतला. तो मुका. शेजारच्या काकूंचा मागून आणला. तोही मुका, वर काकू आपला फोन परत कधी मिळणार म्हणून दारात उभ्या. मग फाईलचा प्रकार चुकला असेल म्हणून त्याने बेचाळीसच्या बेचाळीस फायली दुसऱ्या प्रकारात बदलल्या. त्यात दीड तास गेला. आपणच हळू बोललो असू, अशी बाबांना शंका आली, आणि ते आतल्या खोलीत जाऊन क्रमांक एक पुन्हा बोलले, इतक्या जोरात की काकूंनी फोनचा नाद सोडून घर गाठलं. ती नवी फाईलही सापडली नाही. शेवटी बाळ्याने सगळी ध्वनिमुद्रणं फोनमध्ये तीन वेगवेगळ्या जागी टाकून ठेवली. ॲपने तिन्हींकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

साडेतीन वाजता आई संग्रहालयात जायची साडी नेसून बाहेर आली. बाळ्या डोकं धरून बसला होता. तिने शांतपणे विचारलं, "तू त्या फायली बॅगेत भरल्यास, की पलंगावर नुसत्या काढून ठेवल्यास?"

"बॅग कुठली आई, ॲप आहे ते."

"तेच रे. प्रवासाला जाताना तू दरवेळी मोजे पलंगावर काढून ठेवतोस आणि भरलेत असं समजून निघतोस."

बाळ्याने चिडूनच प्रोग्राम उघडला आणि आवाज कुठून घ्यायचा तो पत्ता वाचला. पत्ता त्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवरच्या एका फोल्डरचा होता. खोटा फोन लॅपटॉपवरच राहत असल्यामुळे त्याला तो सहज सापडत होता. खरे फोन बिचारे तोच पत्ता आपल्या पोटात हुडकत होते. ॲप बांधताना आत काय काय भरायचं याची जी यादी द्यायची असते, तिच्यात बेचाळीसपैकी एकाही फाईलचं नाव नव्हतं. बाळ्याने नावं घातली, पत्ता बदलला. दहा मिनिटांचं काम झालं आणि आईच्या फोनमधून बाबा बोलू लागले. बाबा तेव्हा न्हाणीघरात दाढी करत होते. पाच वाजता ऐकेन म्हणाले, सगळ्यांबरोबर.

पाचला संग्रहालयाच्या बाईंनी चित्र दाबलं. आवाज उमटला, आठही सहकाऱ्यांनी माना डोलावल्या, टाळ्या पडल्या. बाबांनी मात्र बाळ्याला खांबामागे ओढलं.

"फाईल अजून चुकतेय. हा कोण बोलतोय?"

"तुम्हीच, बाबा."

"हा असला किनरा आवाज माझा?" बाबांनी आईच्या फोनवर क्रमांक दोन लावून पाहिलं, मग नऊ, मग एकतीस. सगळीकडे तोच इसम. "माझा आवाज शोध अजून. असेल तिथेच कुठेतरी."

क्षणभर बाळ्यालाही वाटलं, की खरंच एखादी फाईल राहिली असेल. तेवढ्यात एक सहकारी जवळ आला आणि म्हणाला, डोळे मिटले की फलाट तीनवर उभा असल्यासारखं वाटतं, साहेब. बाबा आईकडे वळले.

"अहो, हाच तुमचा आवाज," आई म्हणाली. "मी रोज हाच ऐकते."

बाबा बाकावर बसले. बाई अभिनंदन करायला आल्या, तर त्यांनी नुसते हात जोडले. बाळ्याला बाबांची दयाही आली आणि हसूही आलं, आणि दोन्हींची त्याला लाज वाटली. बाबांनी अगदी हलक्या आवाजात विचारलं, "मग तीस वर्षांत कुणी काही बोललं कसं नाही?"

"लोकांना गाडी कळत होती ना," आई म्हणाली. "मग झालं तर."

बाबांनी फोन कानाशी धरला, क्रमांक एक पुन्हा लावलं आणि या खेपेला शेवटपर्यंत ऐकलं.