व्हिटबीहून ल्हासाकडे जाणाऱ्या थूल मॅडम

सगळ्यात आधी थूल मॅडमचं नाव घेते. मी आठवीत शाळा सोडलेली, हिंगोलीकडची बाई. ती चीनमध्ये आगगाडीत बसून तिबेटपर्यंत जाऊन आली आणि आता त्याबद्दल लिहायला बसली, ते मॅडममुळे. चुका असतील तर माझ्या. मॅडमना दाखवून दुरुस्त करून घेतलं असतं, पण त्यांच्यावरच लिहिलेलं त्यांनाच कसं दाखवू?

थूल मॅडम घरात बोलत नाहीत, उद्घोषणा करतात. आम्ही कॅनडात, टोरोंटोजवळ व्हिटबीत, त्यांच्या मुलीच्या, म्हणजे रश्मीताईंच्या घरी बेसमेंटमध्ये भाड्यानं राहतो. माझे मिस्टर ट्रक चालवतात, महिन्यातले वीस दिवस विनिपेग-कॅलगरीच्या रस्त्यावर. मी सकाळी एका बेकरीत मफिन पॅक करते. आमच्या छतात हीटिंगची एक जाळी आहे, तिला इकडे व्हेंट म्हणतात. तिचं दुसरं तोंड वर मॅडमच्या खोलीत. बेसमेंट घेतलं त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी चहा ठेवत होते, तर जाळीतून खणखणीत आवाज आला.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्या. लेकवरून येणारा बर्फ आज आपल्या निर्धारित वेळेपेक्षा दोन तास आधी येत आहे. बूट घालूनच घराबाहेर पडावे. आपल्याला होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

माझ्या हातातली गाळणी खाली पडली. मला वाटलं, कॅनडात घराघरांतून सरकार असं सांगत असेल. मी बूट घातले. बर्फ आला.

मॅडम एकतीस वर्षं विदर्भातल्या एका जंक्शनवर उद्घोषक होत्या. नंतर कॉम्प्युटरचा आवाज आला आणि मॅडमना चौकशीच्या खिडकीवर बसवलं. त्या कॉम्प्युटरबद्दल त्या अजून 'ती बाई' म्हणून बोलतात. "त्या बाईला श्वासच नाही ना. श्वास नाही तर पॉज कुठून घेईल? फलाट, मग थांबते. क्रमांक, मग थांबते. तोपर्यंत पब्लिक चुकीच्या पुलावर चढून गेलेली असते."

पॉज हा मॅडमचा जीव की प्राण. इथली मराठी मंडळी चौदा एप्रिलच्या जयंतीला हॉल घेतात, तेव्हा माईक मॅडमकडेच असतो. दर वर्षी कोणी भाषण लांबवलं की मॅडम माईकवर शांतपणे सांगतात, "आपले वक्ते निर्धारित वेळेपेक्षा वीस मिनिटं उशिरानं धावत आहेत." वक्ता दोन वाक्यांत बसतो. घरात मात्र कोणी थांबून ऐकत नाही. रश्मीताई आणि जावई दिवसभर मीटिंगमध्ये. नात कानात इअरफोनची बोंडं घालून फिरते आणि फार झालं तर म्हणते, "आजी, नॉट नाऊ."

मला नागरिकत्वाच्या परीक्षेचं पत्र आलं तेव्हा मला ताप भरला होता. परीक्षा या शब्दानंच भरतो. पुस्तकातलं इंग्रजी मी बोट ठेवून वाचायची आणि पानाखाली पोचेपर्यंत वरचं विसरायची. मॅडमनी मला वर किचन टेबलाशी बोलावलं, पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. "शालू, वाचू नको. ऐक." मग डोळे मिटून, एक हात कानामागे धरून म्हणाल्या, "सेंट जॉन्सहून सुटणारी, हॅलिफॅक्स, शार्लटटाउन, फ्रेडरिक्टन, क्वेबेक, टोरोंटो, विनिपेग, रेजायना, एडमंटनमार्गे व्हिक्टोरियाला जाणारी गाडी फलाट क्रमांक एकवर येत आहे." पंधरा दिवस ही गाडी रोज सुटली. परीक्षेत सस्कॅचेवान प्रांताची राजधानी विचारली. मला विनिपेगनंतरचं स्टेशन आठवलं. मी पास झाले. आयुष्यातली पास झालेली शेवटची परीक्षा त्याआधी सातवीची होती.

म्हणून मॅडमनी "माझ्यासोबत ल्हासाला चल" म्हटल्यावर नाही म्हणायला मला तोंड नव्हतं.

ल्हासा कशाला, हे सगळेच विचारत. बौद्ध माणूस, म्हणजे मठ बघायला जात असणार, असं लोक धरून चालत. मॅडम म्हणायच्या, "मठ बघीन ना. पण मी गाडीसाठी जाऊन राहिली." त्यांची उद्घोषणेची खोली फलाटाच्या मागच्या अंगाला होती, तिला खिडकी नव्हती, असं त्यांनी मला सांगितलं. "एकतीस वर्षं मी गाडी नुसती ऐकली, शालू. आली म्हणून सांगायची, पण दिसायची नाही. आता जगातली सगळ्यात उंचावरची गाडी बघायची. आतून."

अडचण एकच होती, मॅडमचा दमा. डॉक्टरांनी पंप आणि गोळ्या देऊन जा म्हटलं होतं, पण एकटं नाही. रश्मीताईंनी मला बाजूला घेऊन बोटाला लावायची ती ऑक्सिजनची चिमटी दिली. "हे बघ शालू, ऐंशीच्या खाली गेलं तर लगेच मदत माग. आणि आईचा आवाज बसला की समज दमा वाढतोय. तिचं काही ऐकू नकोस, उतरव आणि परत आण. प्रॉमिस?" मी प्रॉमिस केलं. घरातली मिक्सरची वायर काढली की नाही हे बघायला मी बस स्टॉपवरून परत येते. आणि मी जगातल्या सगळ्यात उंच गाडीतून मॅडमना उतरवायचं की नाही हे ठरवणार होते.

बीजिंगला संध्याकाळी गाडीत बसलो. तिबेटचा परवाना वेगळा असतो. तो मी ब्लाउजच्या आतल्या खिशात ठेवला होता आणि दर दहा मिनिटांनी चाचपत होते. डबा स्वच्छ, एका खणात चार बर्थ, डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याचा मोठा नळ. सगळे लोक नूडल्सच्या वाट्या घेऊन तिथे रांगेत. मॅडम आपला स्टीलचा पेला घेऊन गेल्या आणि चहाची पुडी सोडून आल्या. समोरच्या बर्थवर एक चिनी आजोबा होते. त्यांना मॅडमनी शेव-चिवडा दिला, त्यांनी सूर्यफुलाच्या बिया दिल्या. दोघं आपापल्या भाषेत तासभर बोलत होते. मी मॅडमना विचारलं, काय म्हणतात? "त्याचाही मुलगा फोन उचलत नाही," मॅडम म्हणाल्या. कसं कळलं, ते मी विचारलं नाही.

पण मॅडमचं खरं लक्ष छतातल्या स्पीकरकडे. उद्घोषणा सुरू झाली की पेला खाली, डोळे बंद, हात कानामागे. "पोट्टी चांगली आहे. दम कुठे घ्यायचा ते कळतं तिला." दुसऱ्या दिवशी दुपारी शीनिंग नावाचं मोठं स्टेशन आलं. स्पीकरवर बाई आधी चिनीत बोलली, मग इंग्रजीत. मॅडम डोळे मिटून मान हलवत होत्या. मला इंग्रजी नीट लागलं नाही. पण मला एक सवय आहे, भाषा नीट न येणाऱ्या माणसाला असतेच: मी लोक काय करतात ते बघते. आजोबांनी बूट घातले. पलीकडची बाई पोराला जाकीट चढवत होती. सगळे बॅगा ओढत होते.

"मॅडम, सगळे उतरून राहिले." त्यांच्यासोबत राहून मीही तसंच बोलते.

"थांब. काय सुंदर शेवट केला तिनं, ऐकलंस?"

"मॅडम, ती काय म्हणाली?"

मॅडमनी डोळे उघडले. पहिल्यांदाच मी त्यांचा चेहरा असा उतरलेला बघितला. "बाप्पा," त्या म्हणाल्या, "मी आवाज ऐकत होती गं. शब्द ऐकलेच नाहीत."

डोंगरावर जाणारी ऑक्सिजनची गाडी समोरच्या फलाटावर उभी होती, गाडी बदलायची होती. एकतीस वर्षं ज्यांनी लोकांना 'कृपया लक्ष द्या' सांगितलं, त्याच तेवढ्या डब्यात बसून राहिल्या होत्या. मी दोन बॅगा उचलल्या, मॅडमना पुढे घातलं आणि आम्ही धावलो. दारातल्या अटेंडंट मुलीनं परवाना मागितला. तो या एकाच वेळी मला सापडेना. सापडला. आम्ही बसलो आणि गाडी हलली. मॅडम किती तरी वेळ पंप हातात धरून बसल्या. "रश्मीला सांगू नको," एवढंच म्हणाल्या. आवाज घोगरा होता.

त्यानंतर त्या बोलल्याच नाहीत.

रात्र गेली. सकाळी जाग आली तर बाहेर झाड म्हणून नाही, नुसतं पिवळं गवत, बर्फाचे डोंगर, काळे याक. बर्थच्या डोक्याशी भोकांतून ऑक्सिजन सूं सूं येत होता. आमचं चिवड्याचं न फोडलेलं पाकीट फुगून उशीएवढं झालं होतं. कोणत्याही दिवशी मॅडमनी त्यावर उद्घोषणा केली असती. त्या नुसत्या हसल्या. तोंड उघडलं तर हवाच आली. आवाज पार बसला होता.

रश्मीताईंना दिलेलं प्रॉमिस. पण उतरवायचं कुठे? खिडकीबाहेर मैलोन्‌मैल माणूस नव्हतं. मी चिमटी लावली. सत्त्याऐंशी. परत लावली. सत्त्याऐंशी. मी धावत अटेंडंट मुलीला आणलं, गळ्याला हात लावून, छातीला हात लावून दाखवलं. तिनं नाकात लावायची नळी भिंतीला जोडून दिली, मॅडमचा श्वास बघितला, नखं बघितली, चिमटीचा आकडा बघितला. मग तिनं आपल्या घशाकडे बोट दाखवलं, ओठ कोरडे करून दाखवले, आणि नळाचं गरम पाणी आणून दिलं. घसा कोरडा पडलाय, छाती ठीक आहे. मला एवढं कळलं. तरी मी चिमटी काढली नाही. गाडी खिंड चढत होती आणि मी त्या आकड्याकडे बघत होते. आगगाडीच्या वाटेवरची जगातली सगळ्यात उंच खिंड मी बघितलीच नाही म्हणा ना. मॅडमनी बघितली. नाकात नळी, काचेला कपाळ.

थोड्या वेळानं त्यांनी मला जवळ बोलावलं. कुजबुजत विचारलं, "शालू, सकाळी त्या जाळीतून मी बोलायची. खाली ऐकू यायचं का गं?"

"रोज," मी म्हटलं. "छत्री म्हटलं की छत्री घ्यायची मी. बूट म्हटलं की बूट."

"मग कधी बोलली का नाहीस?"

भाडेकरूनं कान लावून बसू नये, असं मला वाटायचं. त्यांना कळलं तर बेसमेंट जाईल, अशीही भीती होती. ते सांगितलं. मॅडमनी नाकातली नळी सरळ केली. मग म्हणाल्या, "माईकमधून उत्तर येतच नाही ना. एकतीस वर्षं नाही आलं. इकडे तर वाटायचं, जाळी बंद आहे का काय. रोज म्हणायची, उद्यापासून बंद करू."

मला एक गोष्ट आठवली, जी त्या नेहमी हसत सांगत. त्या पहिल्यांदा टोरोंटोला उतरल्या, तेव्हा रश्मीताईंची मीटिंग होती. अरायव्हल्सला टॅक्सीवाला नावाची पाटी घेऊन उभा होता. "म्हटलं, चला, नाव तरी लिहिलं कोणी." मी तेव्हा त्यांच्यासोबत हसायची.

दुपारी ल्हासा आलं. फलाट लांबच लांब, ऊन डोळ्यांत खुपणारं. आमचा गाइड स्टेशनच्या बाहेर थांबणार होता, फलाटावर आमचं कोणी नव्हतं. मी आधी उतरले, बॅगा ठेवल्या. मॅडम दांडी धरून दारात उभ्या राहिल्या, गाडीकडे मान वळवून पूर्ण डबा बघत. मी कानामागे हात धरला. चार माणसांत मी कधी मोठ्यानं बोललेली नाही.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्या. व्हिटबीहून निघालेल्या, बीजिंग, शीनिंगमार्गे येणाऱ्या थूल मॅडम फलाट... क्रमांक एकवर आलेल्या आहेत."

लोक वळून बघू लागले. चिनी आजोबांनी टाळी वाजवली. मॅडम एक एक पायरी उतरल्या, माझ्यापाशी आल्या, माझा दंड धरला. डोळे भरलेले. कानाशी तोंड आणून म्हणाल्या, "फलाट आणि क्रमांकाच्या मध्ये थांबायचं नाही, शालू."

आता सकाळी जाळीतून आवाज आला की मी स्टुलावर चढते आणि म्हणते, "ऐकू आलं, मॅडम." मग वरून पुढची उद्घोषणा येते. रश्मीताईंना आवाज बसल्याचं सांगितलं. शीनिंगचं सांगितलेलं नाही. ते इथे वाचतील तर वाचतील.

मॅडम या थंडीत बहिणीकडे नागपूरला जाणार आहेत. कधी परत येतील ते अजून ठरलेलं नाही. पण ज्या दिवशी येतील त्या दिवशी बेकरीतून सुट्टी घेऊन अरायव्हल्सच्या दारात मी तासभर आधीपासून उभी असेन, हे आज इथे लिहून देते. पाटी नेणार नाही. तोंडानं सांगीन, सगळ्यांसमोर, आणि या वेळी मध्ये थांबणार नाही.