बेरिलची बादली आणि नवे सरकार

पंतप्रधानांनी राजीनामा दिल्याचे बेरिल रॅम्सडेनला रेडिओवरून कळले नाही. टीव्हीवाली इमोजेन मंडईच्या दारात छत्री झटकताना दिसली, तेव्हाच तिने ओळखले.

"क्लिफ," तव्यावर बेकन परतणाऱ्या नवऱ्याला तिने कोपराने ढोसले, "गेले वाटतं हेही."

"कोण?"

"पंतप्रधान."

"अगं, आत्ता तर आले होते! अजून नावसुद्धा पाठ झालं नव्हतं मला."

हॅटर्सबीच्या झाकलेल्या मंडईत बेरिलचा चहाचा गाळा होता. तिच्या आईने तो सुरू केला आणि बेरिलने आता सदुसष्टाव्या वर्षीही रेटत ठेवला होता. देशाचे मन हॅटर्सबीत राहते, असे लंडनमधल्या कुणा शहाण्याने एकदा ठरवून टाकले होते आणि हॅटर्सबीत टीव्हीच्या गाडीला सगळ्यात जवळ पडायचा तो बेरिलचा गाळा. त्यामुळे देशात खुर्ची हलली की इमोजेन इथे यायची, "जनतेला काय वाटतं?" असे विचारायची आणि बेरिल कप पुसत म्हणायची, "आलेत तर बसू दे की जरा. संधी द्यायला हवी." गेल्या काही वर्षांत तिने हे चार पंतप्रधानांबद्दल म्हटले होते. चौघेही फार बसले नाहीत, पण त्यात बेरिलचा दोष नव्हता.

गंमत अशी की नवा नेता, म्हणजेच नवा पंतप्रधान, निवडायचा हक्क फक्त सत्तेवरच्या पक्षाच्या सभासदांना होता. बेरिल कुठल्याच पक्षाची सभासद नव्हती. म्हणजे ज्यांना मत होते त्यांना कुणी विचारत नव्हते आणि जिला मत नव्हते तिच्यापुढे दर खेपेला माइक येत होता.

या खेपेला मात्र बेरिललाच काही सांगायचे होते. मंडईचे छप्पर नऊ खणांचे, काचेचे, आणि नऊच्या नऊ खण गळके. परवाच नगरपालिकेचे पत्र आले होते. सुरक्षिततेच्या कारणास्तव मंडई 'तात्पुरती' बंद करायची की नाही, हे पंधरवड्यानंतरच्या गुरुवारी ठरणार होते. हॅटर्सबीचा पोहण्याचा तलाव अकरा वर्षांपूर्वी असाच तात्पुरता बंद झाला होता. 'तात्पुरता बंद' ही पाटी मध्यंतरी दोनदा नव्याने रंगवावी लागली. तलाव काही उघडला नाही. आपला गाळा गेला तर सकाळी उठून जायचे कुठे, हे बेरिलला खरोखरच कळत नव्हते.

"टीव्हीवर सांग की छपराचं," समोरच्या गाळ्यावरून पर्सी मासळीवाला ओरडला. एकोणचाळीस वर्षे दोघे समोरासमोर उभे राहत होते. पर्सीचा दहाचा चहा बेरिलकडे आणि बेरिलची शुक्रवारची मासळी पर्सीकडे, हे लग्नापेक्षा पक्के होते.

"दर वेळी सांगते. दर वेळी कापतात मेले."

"मग दाखव. बादली पुढे ठेव."

ही युक्ती बेरिलला पटली. गळतीखालची पिवळी बादली तिने पायाने ढकलत कॅमेऱ्यासमोर आणली. टप्, टप्, असा छान आवाज येऊ लागला.

"बेरिल, या वेळी जरा वेगळं करायचंय," इमोजेन म्हणाली. "दोघांनी तर तासाभरात गुडघ्याला बाशिंग बांधलंय. ते चष्मेवाले आणि त्या मोत्यांच्या माळेवाल्या. निकाल पुढल्या सोमवारनंतरच्या सोमवारी, आणि त्या दिवशी मला लंडनला पंतप्रधानांच्या त्या काळ्या दारापुढे उभं राहायचंय. तेव्हा दोघांचंही आत्ताच घेऊन ठेवते. आधी चष्मेवाले निवडून आले असं समजून बोला."

"पण आलेत कुठे?"

"समजायचं."

बेरिल अडचणीत पडली. चष्मेवाल्यांविषयी तिला काहीच वाटत नव्हते. पण दुसऱ्याच्या घरी पाळणा हलला, की आपण बाळ बघतो आणि गोड आहे म्हणतो. तिथे खरेखोटे कोण करत बसते?

"मला पहिल्यापासून चष्मेवालेच हवे होते," ती म्हणाली. "शांत माणूस वाटतो. आणि आमच्या मंडईचं छप्पर गळतंय."

"झकास! आता माळेवाल्या."

"मला पहिल्यापासून माळेवाल्याच हव्या होत्या. ठाम बाई वाटतात. आणि आमच्या मंडईचं छप्पर गळतंय."

"तुझ्याइतकं निष्पक्ष माणूस मी पाहिलं नाही," क्लिफ पाव कापता कापता म्हणाला.

निवडून आल्या माळेवाल्या. सोमवारी संध्याकाळी सहाच्या बातम्यांत बेरिल दिसली, पहिल्यापासून माळेवाल्याच हव्या असलेली. छपराचे वाक्य कापले होते. बादली होती, पण तिच्यावर नेमकी पट्टी आली होती : 'बेरिल रॅम्सडेन, मतदार'.

बेरिलने चडफडत टीव्ही बंद केला. इथवर सगळे नेहमीचेच होते. घोटाळा झाला तो मंगळवारी सकाळी. न्याहारीच्या कार्यक्रमात निवेदक हसतमुखाने म्हणाला, "नव्या सरकारचा पहिला दिवस उजाडलाय. बघू या, सामान्य माणसाला काय वाटतंय," आणि कुणीतरी चुकीचे बटण दाबले. पडद्यावर बेरिल आली आणि कप पुसत सगळ्या देशाला म्हणाली, "मला पहिल्यापासून चष्मेवालेच हवे होते."

दुपारपर्यंत वर्तमानपत्रांच्या साइटांवर मथळे झळकले : 'बारा तासांत भ्रमनिरास'. जाणकारांची तर चंगळच झाली. एकाने दोन्ही चित्रे शेजारी ठेवून दाखवून दिले की बाईंच्या अंगावर संध्याकाळी आणि सकाळी तोच ॲप्रन आहे. याचा अर्थ सामान्य मतदार रात्रभर झोपलेला नाही. दुसऱ्याने आलेख काढला. पक्षात चष्मेवाल्यांच्या गटाने 'बेरिल बरोबर बोलली' असे बिल्ले छापायला टाकले.

"सकाळी एक, संध्याकाळी एक," पर्सी हसून हसून बेजार झाला होता. "रविवारी कोण हवंय, बाई?"

"माझी लाज निघाली रे. मी आयुष्यात कुणाला शिळा स्कोन ताजा म्हणून विकला नाही."

तेवढ्यात फोन आला. पंतप्रधानांच्या कार्यालयातून कुणी तरुण गृहस्थ अतिशय नम्रपणे बोलत होते. बाईसाहेबांना बेरिलची नाराजी समजून घ्यायची होती. तीन आठवड्यांनंतरच्या गुरुवारी त्या स्वतः तिच्या गाळ्यावर चहाला येणार होत्या.

"अहो, चूक झाली हो ती," बेरिल कळवळून म्हणाली. "त्यांच्याबद्दल माझं काही वाईट मत नाही."

"म्हणजे चांगलं आहे?" पलीकडचा आवाज एकदम उजळला.

"तसंही नाही. अजून मतच नाही झालेलं. काल तर आल्यात."

"नाराजी खोल दिसतेय," तो आवाज शेजारच्या कुणाला तरी म्हणाला.

तासाभरात नगरपालिकेचे मिस्टर टॅटलॉक धापा टाकत मंडईत हजर झाले. एरवी पत्राला सहा महिने उत्तर न देणारा हा गृहस्थ स्वतः चालत आला, हे पाहून पर्सीने हातातला सुरा खाली ठेवला.

"परवाची बैठक पुढे ढकलली," टॅटलॉक म्हणाले. "पंतप्रधान येणार तीच जागा बंद करायची म्हटलं तर आमची शोभा होईल. भेट पार पडल्यावर बघू. आणि छपराचं काम लगेच सुरू करतोय."

बेरिलच्या डोळ्यांत टचकन पाणी आले. "सगळ्या छपराचं?"

"छे! फोटोत येईल तेवढ्याचंच." टॅटलॉकनी बोटांची चौकट करून डोळ्यासमोर धरली. "तुमच्या गाळ्यावरचा एक खण."

दुसऱ्याच दिवशी परांची उभी राहिली. दोन आठवड्यांत एक खण नवा झाला, काच चकचकीत, लोखंडाला हिरवा रंग. बेरिलच्या गाळ्यावर लख्ख उजेड पडू लागला. पाणी मात्र कुठेतरी जायलाच हवे. ते आता शहाण्यासारखे वळसा घालून पर्सीच्या खणातून दुप्पट जोराने खाली येऊ लागले. त्याच्या बर्फाला भोके पडली.

गुरुवारी दहाला पर्सी चहाला आला नाही. शुक्रवारी बेरिल मासळी घ्यायला गेली, तेव्हा त्याने हॅडॉक मासा कागदात गुंडाळून दिला आणि वर म्हणाला, "नीट जा, बाई. इकडे ओलं आहे."

बेरिलला ते लागले. "मी काय करू, क्लिफ? मी थोडंच म्हटलं होतं, माझाच करा म्हणून?"

"नाही म्हटलंस. पण आता कोरड्यात तू एकटीच."

क्लिफ क्वचित बोलायचा आणि बोलला की असे. बेरिलने त्या दिवशी तीन कप फोडले.

भेटीचा गुरुवार उजाडला. टॅटलॉकनी नवा टाय बांधला होता. मंडईभर पताका लागल्या होत्या. बाकीच्या आठ खणांखालच्या बादल्या ताडपत्रीमागे दडवल्या होत्या. बेरिलने आईच्या वेळची चांगली किटली घासून ठेवली आणि मनाशी पक्के केले : बाई आल्या की हात धरून समोर न्यायचे, पर्सीच्या छपराखाली उभे करायचे आणि मगच चहा द्यायचा.

अकरा वाजता रेडिओ बोलू लागला. रात्रीतून सात मंत्र्यांनी राजीनामे दिले होते आणि आता माळेवाल्या बाईंनीही दिला होता. पक्षात पुन्हा नेतेपदाची निवडणूक.

टॅटलॉकनी टाय सैल केला. "म्हणजे भेट रद्द," ते सुस्कारा सोडून म्हणाले. "मग ती बंद करण्याची बैठक पुन्हा लावावी लागेल." ते पताका उतरवायला सांगू लागले. ताडपत्रीमागून आठ बादल्यांचा टपटपाट आता सगळ्यांना स्पष्ट ऐकू येत होता.

आणि तेवढ्यात मंडईच्या दारात एक छत्री झटकली गेली.

इमोजेनला पाहताच बेरिल उठली. तिने किटली उचलली, कप उचलला, खांद्यावर फडके टाकले आणि तरातरा चालत समोर गेली. ताडपत्री बाजूला सारून पर्सीची तुडुंब भरलेली बादली तिने पुढे ओढली आणि मासळीच्या फळीमागे, धो धो गळणाऱ्या छपराखाली, पर्सीशेजारी उभी राहिली. पाणी तिच्या डोक्यावर पडू लागले.

"हे काय गं?" पर्सी गोंधळला.

"सरक थोडा. आणि आधी चहा घे. आठवड्याचा राहिलाय."

पर्सीने कप घेतला. फळीवरची मासळी बाजूला सारून त्याने तिला जागा करून दिली.

"बेरिल, तुमचा गाळा तर तिकडे आहे," इमोजेन कॅमेऱ्यामागून म्हणाली. "तिथे उजेड किती छान आलाय!"

"यापुढे जनतेला जे वाटायचं ते इथे वाटेल," बेरिल म्हणाली. "कितीजण उभे आहेत?"

"दोघं. पण मागच्या वेळेसारखी चूक नको. या वेळी निकालानंतरच येईन मी."

"छे गं, तुला कशाला पुन्हा हेलपाटा? दोन्ही आत्ताच घे." बेरिलने भिजलेले केस मागे सारले. "आणि त्या बटणावर तोच माणूस असेल, तर त्याला काही बोलू नका. हुशार आहे तो."

समोर नव्या कोऱ्या खणाखाली क्लिफ एकटाच उभा होता. तो वर बघत बोटांवर काहीतरी मोजत होता.

"आठ खण," तो ओरडला. "याच वेगाने पंतप्रधान गेले, बेरिल, तर पुढच्या नाताळपर्यंत सगळं छप्पर होतंय!"

टॅटलॉक टाय पुन्हा घट्ट करू लागले. कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला आणि बेरिल कप पुसत म्हणाली, "मला पहिल्यापासून..."