सुमतीबाईंच्या अर्धशिशीचे पारिपत्य

श्रीवज्रेश्वरी प्रसन्न. शके एकोणीसशे अठ्ठावीस, कसबे भिवंडी, निजामपुरा येथील श्रीनाथपंत, हुद्दा विज्ञानशिक्षक, यांचे कुटुंब सुमतीबाईसाहेब यांचे डावे मस्तकी अर्धशिशी नामे गनिमाने वरचेवर धामधूम मांडिली, त्याची हकीकत ऐसी जे,

लेक सई हिचे लग्न ठरले, आणि हळदीस घाणा भरतेसमयी मुसळ धरोन आईने ओवी म्हणावी हा घरचा रिवाज, परंतु पुतणीचे कार्यात ऐन ओवीस हल्ला होऊन बाईसाहेब अंधारे खोलीत कैद जाहल्या होत्या, ती सल उरी धरोन म्हणत, "सईची ओवी मी अर्धी टाकणार नाही."

मग पंतांनी औषधांचा शोध आरंभिला. डॉक्टरांचा हुकूम की, डोळ्यापुढे चमक दिसताच गोळी घ्यावी. गनीम वेशीबाहेर आहे तोच तोफ डागावी, म्हणजे मस्तकीच्या फुगलेल्या शिरा आवळोन वेदनेची रसद तुटते. दोन-तीन खेपा गोळी दिली आणि कळ ओसरली. परंतु मातुश्री आक्कांनी त्याच वेळी सुंठीचा लेप थापिला होता, आणि दर खेपेस लोडशेडिंग होऊन गल्लीतले लूम, म्हणजे विजेवरील यंत्रमाग, मुके जाहले होते. सबब यश गोळीचे, सुंठीचे की गेलेल्या लाइटीचे, हा निवाडा होईना.

ऐसियासी हळदीचे दिवशी, लूम खडाखड चालू असता, उखळ मांडतेवेळी बाईंचे डोळ्यापुढे चमक उठली. आक्का लेपाची वाटी घेऊन चालोन आल्या.

"आक्का, लेप नको. लोकं म्हणतील, नवरीआधी आईलाच हळद लागली!"

"बस मग डोकं धरून," आक्का फणकारल्या.

पंत खिडक्या लावू लागले, तेही बाईंनी मना केले, आणि केवळ गोळी घेऊन भिंतीशी बसल्या. बायका चहावर चहा पीत खोळंबल्या. कळ कानशिलाशी आली, उंबऱ्यावर थबकलेल्या पाहुणीगत घुटमळली, आणि हळूच माघारी वळली. मग बाईंनी मुसळ धरिले आणि लुमांच्या खडखडीचाच ठेका करोन ओवी उचलली:

मुसळाला बांधिला गं हळदीचा धागा,
सई जाते सासरी, तिची माझ्या उरी...

इतक्यात लाइट गेली आणि लूम थंडावले.

"सगळ्यांनी पाहिलंत ना? गोळी आधीच जिंकली होती!" पंत गर्जले. आक्कांचे म्हणणे पडले की, मागल्या खेपेचा लेप मुरला होता. बाईसाहेब मात्र मुसळ उखळात टेकवोन कळवळल्या, "अहो, माझा ताल गेला ना!"

सारी मजलस खोळंबली. मग लाइट आली, लूम खडाडले, मुसळ उठले, आणि राहिलेला शब्द उमटला: "जागा."

येणेप्रमाणे फत्ते गोळीचे नावे मांडिली, आक्कांची हरकत समासात लिहिली, आणि ओवी पुरी जाहली. हे विदित व्हावे.