पदर नसलेली पदरमोड

इनास अंकल मांजराला 'शुक् शुक्' करत नाहीत. मासे कापायच्या वेळी मांजर दारात येऊन बसले की अंकल चष्म्यावरून त्याच्याकडे पाहतात आणि म्हणतात, "आपली मागणी तूर्त विचारात घेता येत नाही." मांजर उठते. ओरोसच्या सरकारी कचेरीत पस्तीस वर्षे त्यांनी याच वाक्याने माणसे उठवली. मांजराची काय कथा!

इन्सुलीत आमची घरे शेजारी, मध्ये कमरेइतका दगडी गडगा. त्यामुळे निरीक्षणाला अडथळा नाही. अंकलना दोन भाषा येतात. जेवण, हवामान आणि चर्चमधले राजकारण यांसाठी मालवणी; राग आला की सरकारी मराठी, आणि तीत 'सबब' हा शब्द. 'सबब' आला की पुढे निर्णय असतो आणि त्यावर अपील नसते. ते चिक्कू आहेत, हेही मी ऐकीव माहितीवरून सांगत नाही. आलेल्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून ते पत्रांचा कागद करतात. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक तक्रारीच्या पाठीवर कुणाचे ना कुणाचे लग्न लागत असते.

गेल्या वर्षी रोझी आंटींचा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा, उजवा खांदा आखडला. केस विंचरायला हात वर जाईना. गोळ्या झाल्या, व्यायाम झाले. मग चर्चमध्ये कुणीतरी सावंतवाडीच्या अ‍ॅक्युपंक्चरवाल्या बाईंचे नाव सुचवले. मी सूक्ष्मजीवशास्त्रातली एम.एस्सी.; साहजिकच मत विचारण्यात आले. याबाबतचा पुरावा संमिश्र आहे, असे मी प्रामाणिकपणे सांगितले.

"म्हणजे उपयोग होता की नाय?" आंटी.

"काहींना होतो. पण तो सुयांमुळेच होतो, असं खात्रीने म्हणता येत नाही."

"ह्यां माज्या खांद्याक कित्या सांगतंस? तेका कळाचां नाय."

दर गुरुवारी दोघे एसटीने सावंतवाडीला जाऊ लागले. चौथ्या गुरुवारनंतर आंटींचा हात कानापर्यंत पोचला. नमुना एक, तुलनेला दुसरा गट नाही. यावरून निष्कर्ष काढू नये. मी काढला नाही. पण हात कानापर्यंत पोचला होता.

अडचण वेगळ्याच ठिकाणी निघाली. आंटी स्वतःवर पैसा खर्च करत नाहीत. अंकलचा चिक्कूपणा सर्वांना समान लागू आहे. आंटींचा फक्त स्वतःपुरता. पाचव्या गुरुवारी त्यांनी विचारले, "ह्येचे पैशे कोण देता?"

"विमा कंपनी," अंकल म्हणाले. "अठरा वर्सां हप्ते भरलंय, एक दिस आजारी पडूक नाय. आता मी आगाऊ भरतंय, कंपनी परत करतली."

"कंपनी देता तर जातंय. आपल्या खिशातले घालून मी टोचून घेवचंय नाय. घरात काय सुयो नाय?"

म्हणजे कंपनीचा नकार आला, की आंटींचा हात कानाशीच थांबणार होता.

अर्ज अंकलनी स्वतः भरला. 'उपचाराचे स्वरूप' या रकान्यात त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिले : 'सुया.' कंपनीचे पहिले उत्तर इंग्रजीत आले. अंकलनी ते 'राज्याच्या भाषेत कळवावे' असा शेरा मारून परत पाठवले. तेव्हापासून शाखेतला कुणी बिचारा मराठीत लिहू लागला. त्याने विचारले, सदर इंजेक्शनमधील औषधाचे नाव व मात्रा काय?

अंकलनी कळवले : 'सुया रिकाम्या आहेत. औषध नाही. मात्रा : प्रत्येक बैठकीस चौदा सुया.'

कंपनीने विचारले, रुग्ण किमान चोवीस तास दाखल होता काय?

'सुया अर्धा तास टोचून ठेवतात. चोवीस तास ठेवण्याचा कंपनीचा आग्रह असल्यास तसे लेखी द्यावे, म्हणजे रुग्णास कळवता येईल.'

मी या व्यवहारातली तांत्रिक सल्लागार. पॉलिसीची कलमे मी तीनदा वाचली होती. अ‍ॅक्युपंक्चर त्यांत कुठेच बसत नाही, हे मी अंकलना आकृती काढून दाखवले. त्यांनी आकृतीची पाठ कोरी आहे का तेवढे तपासले आणि कागद ठेवून घेतला.

शेवटी शाखेने लिहिले की सदर खर्च विमाधारकाच्या पत्नीने पदरमोड करून भागवावा. हे पत्र वाचून अंकलचा चेहरा उजळला. इतका आनंद मी त्यांना नाताळातही झालेला पाहिलेला नाही.

"पदरमोड!" ते गडग्यावरून ओरडले. "गो चेडवा, आमच्या रोझीक पदर खंय आसा?"

दुसऱ्या दिवशी उत्तर गेले : 'माझी पत्नी लग्नापासून फ्रॉक वापरते. तिला पदर नाही, नव्हता व यापुढेही असण्याची शक्यता नाही. सबब, पदरमोडीचा प्रश्न उद्भवत नाही. खर्च कंपनीने सोसावा.'

यावर शाखा गप्प झाली. मधल्या काळात गुरुवार चालूच राहिले. आंटींचा हात कानावरून डोक्यावर गेला. आणि एका सकाळी पोस्टमनने मुख्य कचेरीचे पत्र थेट आंटींच्याच हातात दिले, कारण अंकल आंघोळीला गेले होते. पत्र इंग्रजीत होते. आंटींचे शिक्षण मराठी चौथीपर्यंत. त्यांनी मला हाक मारली.

"वाच गो. हे वाचतले तर आपल्या सोयीचां वाचतले. तू सायन्सवाली, तू खोटां बोलाची नाय."

मजकूर तीन ओळींचा होता. अ‍ॅक्युपंक्चर पॉलिसीत बसत नाही; निर्णय अंतिम आहे; यापुढे पत्रव्यवहार केला जाणार नाही. मी मान वर केली. अंकल न्हाणीच्या दारात उभे होते, खांद्यावर पंचा, कानामागे साबण. ते आंटींकडे पाहत होते. आंटी दोन्ही हात वर करून अंबाड्यात पिना खोचत होत्या. मग अंकलनी माझ्याकडे पाहून नकारार्थी मान हलवली, अगदी थोडी.

"मंजूर झालंय," मी म्हणाले.

"सगळ्यो सुयो?"

"सगळ्या."

"पुढल्योय?"

"खांदा पूर्ण बरा होईपर्यंतच्या." एकदा खोट्याला सुरुवात केली की तपशील आपोआप सुचतो, हे मला तेव्हा कळले.

"बगा!" आंटी नवऱ्याकडे वळल्या. "आणि तुमी तेंका वाकडां लिवलात! आता आभाराचां पत्र धाडूक होया. लिव गो चेडवा."

मी लिहिले. आंटींनी सांगितले तसे, शब्द न बदलता : 'साहेब, तुमची वळख नाय. पण माजो हात वर जाय नाय होतो तेवा तुमी पैशे दिलात. आता माजे केस माका विंचरूक गावतत. आमचे हे तोंडान कडक आसत, तेंच्या पत्रांचो राग धरू नकात. देव बरें करूं.'

"दे हकडे," अंकल म्हणाले. "मी पोस्टात टाकतंय."

शर्ट चढवून ते बाहेर पडले. मीही पाठोपाठ निघाले आणि त्यांना फाटकापाशी गाठले.

"नकार येणार हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"पस्तीस वर्सां असलीच पत्रां मी लिवलंय. पयल्या ओळीत कळता."

"मग इतकं भांडत कशाला होतात?"

त्यांनी घराकडे नजर टाकली. आत भांडी वाजत होती. "पत्रव्यवहार चालू आसा म्हटल्यार ती गुरवारी गाडयेत बसा होती," ते हळू आवाजात म्हणाले. "पैशे मी भरतंय. तिका कळता नये."

मग ते थोडे पुढे गेले, आंब्याखाली थांबले, आणि पाच मिनिटांपूर्वी स्वतःच्या कानांनी ऐकलेले ते पत्र उघडून पहिल्यापासून वाचू लागले. वाचून झाल्यावर त्यांनी त्याची चौघडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

"अंकल, त्यावर पत्ता घालायचा राहिलाय," मी म्हणाले.

"गरज नाय गो," अंकल मागे न वळता म्हणाले. "पावलां तां."