आत हवाच नाय

माझ्या बहिणीच्या साखरपुड्यात तावडेकाकांनी बेसनाचा लाडू कमरेच्या उंचीवरून ताटात टाकला. लाडवाने टप्पा घेतला आणि थेट भटजींची मांडी गाठली. लाडू नवऱ्या मुलाच्या आईने केलेले! काका म्हणाले, "घट्ट झालो हा. आत हवाच नाय." तरीही लग्न झालं, हे बोरिवलीतलं एक आश्चर्यच.

त्यांचा दोष नाही. आमच्या खालच्या मजल्यावरचे हे काका निवृत्तीपर्यंत कृषी खात्यात माती तपासायला होते. कोकणातलं एकही शेत त्यांच्या फावड्यातून सुटलं नाही. समुद्र तेवढा ओला म्हणून वाचला. मातीचा ठोकळा काढायचा आणि कमरेवरून टाकायचा. भुसभुशीत फुटला तर माती ठीक, अख्खा राहिला तर आत हवा नाही, वाट लागली. आता शेतं नाहीत, म्हणून इडली, उशी, सोसायटीचा सेक्रेटरी, सगळ्यांना तोच निकाल.

गेल्या वर्षी आई गेली. तिने आवारात लावलेला सोनचाफा मग सुकत चालला. सेक्रेटरी म्हणाला, "मेलाय यार तो. तोडू. दोन बाईक लागतील." मी धावत काकांकडे गेलो.

काका फावडं घेऊन आले, सेक्रेटरी बघायला उभा. ठोकळा काढला, टाकला. धप्प! विटेसारखा अख्खा. फोडला तर आत पापडांच्या चळतीसारखे चपटे थर, आणि मुळं खाली जाता जाता काटकोनात आडवी वळलेली. झाडाच्या चारी बाजूंना तेच.

"हय रोज वटपौर्णिमा कोण करता रे?"

मी चपलांकडे बघितलं. आई गेल्यापासून रोज सकाळी फोन कानाला लावून मी चाफ्याभोवती फिरायचो. फोनवर कोणी नसायचं. मी आईशी बोलायचो.

काकांनीही माझ्या चपला बघितल्या. मग सेक्रेटरीला म्हणाले, "मीच फिरतंय हय. गुडघ्यांका बरा." ज्यांना एक जिना उतरायला अर्धा तास लागतो, ते!

त्यांनी पहार खुपसून माती न उलथता नुसती उचलली, वर पालापाचोळा पसरला. आज चाफा असा फुललाय की जोगेश्वरीपर्यंत वास जातो. पहिलं फूल मी काकांना देतो, दुसरं आईच्या फोटोला. आईची हरकत नसावी.

पण माती उचलली त्याच्या दुसऱ्या सकाळचं सांगायचं राहिलं. मी फोन घेऊन खाली उतरलो, तर मुळांपासून लांब, लादीवर दोन खुर्च्या मांडलेल्या.

"दुसरी कोणाला, काका?"

"माका." काका बसले. "फोन ठेव खिशात. आवशीबद्दल माका सांग. घरात एकटो बसान बसान मीय घट्ट झालंय रे."