भूछत्र खडक आणि पोह्याचे पापड

रोह्याच्या शाळेत शरद चित्र्यांनी बत्तीस वर्षं ‘वाऱ्याचे कार्य’ हा धडा शिकवला आणि बत्तीस वर्षं फळ्यावर भूछत्र खडक काढला. खाली बारीक देठ, वर रुंद टोपी. स्वतः मात्र तो त्यांनी कधी पाहिला नव्हता. निवृत्त झाल्यावर पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी गाडी काढली आणि बायकोला घेऊन थेट राजस्थानचं वाळवंट गाठलं. हाताशी एकच संध्याकाळ होती. दुसऱ्या दिवशी पहाटे परत फिरायचं होतं.

गाडीतून उतरताना लतिकाबाईंनी पापडांचा डबाही बरोबर घेतला. जोधपूरच्या भाचीसाठी घरी लाटलेले पोह्याचे पापड होते.

“डबा कशाला?”

“पाण्याची बाटली लवंडली ना त्यात. गाडीत ठेवले तर बुरशी धरेल.”

“आपण इथे पापड वाळवायला आलोय का?”

“ऊन तर बघा. आपल्याकडे इतकं कोरडं ऊन मे महिन्यातपण नाय.”

पाटीवर खडक वीस मिनिटांवर लिहिला होता. पंचवीस झाली तरी दिसेना. उंचावरून बघू म्हणून दोघं वाळूच्या एका चढावर चढली. माथ्याला लागूनच एक सपाट दगड होता, चांगला तापलेला आणि झाडून ठेवल्यासारखा स्वच्छ. लतिकाबाईंनी नवऱ्याच्या खांद्यावरचा पंचा ओढला, अंथरला आणि पापड मांडले. तेवढ्यात वारा सुटला आणि दोन पापड उडाले.

“तुम्ही त्या टोकावर बसा. पाय पसरून.”

“लतिका, अगं सूर्य कलतोय.”

“पाचच मिनिटं हो.”

पाचाची पंचेचाळीस झाली. खाली माणसं जमली आणि यांच्याकडे बघून फोटो काढू लागली. लतिकाबाईंनी खुशीत हात हलवला.

“काय माणसं ही,” शरदराव रडकुंडीला आले होते. “एवढा खडक सोडून पापड बघतायत.”

शेवटी एक वाटाड्या धापा टाकत वर आला. “अंकल, जरा नीचे आइए. सबको मशरूम रॉक का फोटो लेना है.”

“कहाँ है वो?” शरदराव एकदम गुडघ्यांवर उठले.

वाटाड्याने त्यांच्या गुडघ्यांखाली बोट दाखवलं.

अडथळ्यापाशी वाळू साचून चढ तयार होतो, हे त्यांनीच मुलांना घोकायला लावलं होतं. त्यांचा चेहरा पाहून लतिकाबाई पुढे सरकल्या. मग त्यांनी पंच्याची दोन्ही टोकं धरली.

“जा, बघून या तुम्ही. मी हाय इथे.”

शरदराव वाळूवरून घसरतच खाली गेले, वळसा घालून माणसांच्या बाजूला आले आणि वळले. देठ होता, टोपी होती, सगळं उन्हात तांबडं झालं होतं. त्यांना फार फार बरं वाटलं. डोळे भरून आले ते त्यांनी पुसलेही नाहीत. टोपीवर बायको एकेक पापड उलटत होती.

“दिसला का हो?”

“दिसला गं.”

“अंकल,” शेजारचा कॅमेरावाला म्हणाला, “आंटी को बोलिए ना, उतर जाएँ.”

शरदरावांनी त्याच्याकडे वर्गात बघायचे तसं बघितलं.

“रुको जरा. पापड एक बाजूसे अभी ओला है.”